खांबाला टेकवलेली गिटार

गुंदहून येणारी सकाळची बस रामनगरात माझ्या दुकानासमोर थांबत नाही. तिचा थांबा पुढं चौकात. त्या दिवशी थांबली. मी गुळाची ढेप फोडत होतो. कंडक्टर खाली उतरला, आणि एरवी अख्ख्या बाजाराच्या कानठळ्या बसतील असा ओरडणारा तो माणूस माझ्या फळीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाळूशेट, परसूअण्णा गेलं." कुठं गेले, असं मी विचारणारच होतो. अहो, महिन्यामागंच तर अण्णा दुकानात आले होते. गिटारच्या तारा पुसायला खोबरेल तेलाची बाटली घेतली, माझ्या सुटलेल्या पोटावर टिचकी मारली आणि "ह्यो ढोल कवा वाजवायचा रे?" म्हणत हसत हसत गेले. पुढचे दोन दात नसलेलं ते हसणं... कंडक्टर सांगत होता, "काल दुपारी जेवलं, अंगणात पाठ टेकली, ती टेकलीच." मग बस निघून गेली. मी गुळाचा एक खडा उचलून तोंडात टाकला. का टाकला, देव जाणे. तो गूळ बराच वेळ तोंडात तसाच राहिला.

कागदोपत्री नाव परशुराम मिराशी. आम्ही सगळे अण्णाच म्हणायचो. वयानं माझ्या धाकट्या काकांएवढे, पण ते माझे काका नव्हते आणि मित्र म्हणावं तर तेवढं धाडस मला नव्हतं. मी ड्रम वाजवायचो आणि ते बास गिटार वाजवायचे, एवढंच आमचं नातं. ज्यांनी कधी बँडमध्ये वाजवलं नाही त्यांना हे नातं समजावणं कठीण आहे. तरी सांगतो, कारण आता दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून आमचं दुकान तिथून उठून रामनगरला आलं. धरणाचं काम तेव्हा जोरात होतं, गणेशगुडीच्या कॉलनीत कुठकुठचे लोक येऊन राहिले होते, आणि त्यांच्यातल्याच एका मेकॅनिकचा मुलगा म्हणजे आमचा फ्रान्सिस. गिटार वाजवायचा, गायचा, आणि दिवसातून चार वेळा चिडायचा. बँड त्यानंच काढला. नाव ठेवलं 'ब्लॅक रिव्हर', आपल्या काळी नदीवरून. आम्ही स्वतःला रॉक बँड म्हणवून घ्यायचो आणि लोक आम्हाला 'डान्सवाले' म्हणायचे. काही का म्हणेनात, लोंढ्यापासून दांडेलीपर्यंत चर्चचं फेस्त, म्हणजे जत्रा असो, साहेब लोकांची पार्टी असो, लग्न असो, आमच्याशिवाय पान हलायचं नाही. केस मानेवर, पँटी इतक्या घट्ट की बसताना विचार करावा लागे. अशा ऐन भरात आमचा बासवाला आखातात नोकरी लागून निघून गेला, आणि आम्ही लुळे पडलो. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. नाचणाऱ्याला ती वाजतेय हे कळतसुद्धा नाही. पण ती थांबली की त्याचे पाय अडखळतात, आणि तो शिव्या ड्रमवाल्याला घालतो.

आमची प्रॅक्टिस कॉलनीतल्या सिमेंटच्या रिकाम्या गोदामात चालायची. एका रविवारी सकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. लुंगी, खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला, वय पंचेचाळिशीच्या पुढं. धरणाच्या वर्कशॉपात पाहिलेला चेहरा होता. फ्रान्सिसला वाटलं, आवाज कमी करा सांगायला कुणी पाठवलाय. माणूस म्हणाला, "बास वाजवाय माणूस पायजे म्हणं तुमास्नी." फ्रान्सिस म्हणाला, "होय. कोण आहे? तुमचा पोरगा?" माणसानं मागं वळून बघितलं, जणू पोरगा खरंच मागं उभा असेल, आणि मग म्हणाला, "न्हाई. मीच हाय."

आम्ही हसलो. तेही हसले, तेव्हा दात दिसले, म्हणजे नसलेले दिसले. मग हळूहळू गोष्ट निघाली. तरुणपणी अण्णा बेळगावात लग्नाच्या बँडमध्ये होते. खांद्यावरून गुंडाळून घ्यायचा तो सगळ्यात मोठा पितळी बाजा त्यांच्याकडे. नवरदेवाच्या पुढं सगळे नाचत निघायचे आणि हा माणूस मागं एकटा भोंय-भोंय करत चालायचा, आणि त्यातच खूश असायचा. पुढं एकदा जीप सुरू करताना तिचं हँडल उलटं फिरलं, तोंडावर बसलं, दोन दात गेले. फुंकर धरेना. बाजा गेला, बँड गेला, अण्णा गुंदला घरी आले. शेत होतंच, धरणावर काम मिळालं. आखातात गेलेल्या आमच्या बासवाल्याला त्यांनी वर्कशॉपात गाठून गाठून त्याच्याकडून बोटं कुठं ठेवायची ते शिकून घेतलं होतं. हे त्या पठ्ठ्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

फ्रान्सिसनं एक जुनी गिटार मागून आणली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णा माझ्या शेजारी लाकडी खोक्यावर बसले आणि माझ्या उजव्या पायाकडं बघायला लागले. मोठा ढोल त्या पायानं वाजतो. मी चेहरा बरा करून वाजवत होतो, लोक ड्रमवाल्याच्या तोंडाकडं बघतात ना. मी म्हटलं, "अण्णा, काय बघताय खाली?" तर म्हणाले, "तोंडाकडं बगून काय करू? वाजवतोय पाय." आजवर माझ्या पायाकडं कुणी बघितलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही. गाणं सुरू झालं. अण्णा वाजवायचे थोडं आणि सोडायचे फार. फ्रान्सिस मध्येच थांबला आणि ओरडला, "अण्णा, किती सोडतोस! भर की मध्ये!" अण्णा म्हणाले, "सगळ्यांनीच बोलायचं म्हटल्यावर ऐकायचं कुणी?" आणि त्यांनी गिटारच्या वरच्या टोकदार कडेवर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि एकच तार छेडली. ही त्यांची सवय. कानानं ऐकून त्यांचं भागायचं नाही. हनुवटी लाकडाला लावायची, म्हणजे आवाज हाडातून वर चढतो म्हणायचे. "बाज्याचा आवाज असाच यायचा. दातातनं." 

फ्रान्सिसची अडचण मला कळत होती. आमच्या घट्ट पँटींमध्ये हा लुंगीवाला कुठं उभा करायचा? पण वाजवणं ऐकल्यावर त्याच्या तोंडातून 'नाही' निघेना. शेवटी त्यानं अट घातली. नाताळच्या डान्सला स्वतःची गिटार आणि स्वतःचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, घेऊन अण्णा उभे राहिले तर ते आमचे. नाही तर हुबळीचा एक पोरगा तयार आहे, तो येणार. अण्णा म्हणाले, "व्हय. रास्त हाय." इतकंच.

गिटार बघायला आम्ही तिघं मडगावला गेलो. कॅसलरॉकवरून तेव्हा मीटरगेजची गाडी होती, घाट उतरताना इतकी सावकाश चालायची की माणसं खाली उतरून फुलं तोडून परत चढत. मडगावात एक म्हातारे गृहस्थ जहाजावर वाजवून निवृत्त झाले होते आणि सामान विकत होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन बास गिटारी ठेवल्या होत्या. एक पांढरीशुभ्र, आरशासारखी, फ्रान्सिसनं बघताक्षणी तीच उचलली असती. दुसरी तपकिरी, जड, कडा झिजलेली, एखाद्या घरच्या पाटासारखी. अण्णा म्हणाले, "वायर लावू नका." म्हाताऱ्यांना गंमत वाटली. अण्णांनी आधी पांढरीवर हनुवटी टेकवली, मग तपकिरीवर, मग परत पांढरीवर. घरातल्या बाईंनी आणलेली कॉफी निवून गेली. फ्रान्सिस माझ्या कानात कुजबुजत होता, "नवरी बघायला आला काय रे हा?" शेवटी अण्णांनी तपकिरी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "ती दिसती. ही बोलती." फ्रान्सिसनं कपाळावर हात मारला, पण गिटार चांगली होती हे त्यालाही कळलं होतं.

खरं भांडण पेटीवरून झालं. म्हाताऱ्यांकडं एक देखणा ॲम्प होता, काळाभोर, जाड, छातीत धडकी भरेल असा आवाज. अण्णांनी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. त्यांना बाजारातल्या एका दुकानात निवडणुकीच्या जीपवर लावतात तसली, ट्रकच्या बॅटरीवर चालणारी पेटी दिसली होती, तीच हवी. फ्रान्सिस रस्त्यात उभा राहून ओरडला, "आरे बाबा, हे भाषणाचं मशीन! ह्यात बास कुठं बसणार?" अण्णा शांत. "गुंदात करंट हाय का?" "गुंदात आपला प्रोग्राम कुठं आहे?" "हाय एक," अण्णा म्हणाले. "पयला." आणि त्यांनी तीच पेटी घेतली. फ्रान्सिस परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला.

घाट चढायला लागल्यावर अण्णा माझ्याशी बोलू लागले. त्यांच्या घरात देवीच्या ढोलाचा मान होता, वडिलांपासून. वाडीची रीत अशी की घरात नवं वाद्य आलं की ते आधी देवीला ऐकवायचं, मग बाहेर. ढोल असो, घुमट नावाचं मातीचं वाद्य असो. आणि हे तर परक्या मुलुखातलं वाद्य, म्हणून गावकरांनी, म्हणजे वाडीच्या प्रमुखांनी, सांगितलं होतं की देवीचा कौल घ्यावा लागेल. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देवीचं हो. डावी पडली तर नाही. मी विचारलं, "आणि डावी पडली तर, अण्णा?" गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली. "तर ठिवून द्यायची. न्हाई वाजवायची." मला राग आला. एवढा खटाटोप, एवढ्या लांबचा प्रवास, आणि एका पाकळीवर सगळं? मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे? वाजवा की गुपचूप." ते म्हणाले, "तिला चोरून वाजवाय बसलो तर माजं हातच चालायचं न्हाईत, बाळू." मग मांडीवरच्या गिटारवर हात ठेवून म्हणाले, "दात गेल्यापास्नं कशालाच हात लावला न्हाई मी. शेत हाय, नोकरी हाय, रुक्मिणी हाय, काय कमी हाय मला? पर वाजवल्याबिगर मी अर्धाच हाय रे." असं सरळ बोललेलं मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. खिडकीकडं तोंड करून बसलेला फ्रान्सिस तसाच म्हणाला, "माझी आई पाद्रीनं पाणी शिंपडल्याशिवाय नव्या सायकलवर बसू देत नव्हती. कधी जायचं तुझ्या देवीकडं?" 

नाताळ तोंडावर आला असताना एका सकाळी आम्ही जीपनं गुंदला गेलो. पुढं वाट फक्त माणसांची, म्हणून बॅटरी बांबूला टांगली आणि मी आणि फ्रान्सिस दोन्ही टोकांना खांदा देऊन चाललो. समोरून येणाऱ्या एका बाईंनी हात जोडले, आम्ही काय नेतोय ते त्यांना कळलं नसावं. धरण यांच्या उशाला आणि घरात रॉकेलचा दिवा, हे मला तोवर माहीत होतं, पण खांद्यावर बॅटरी आल्यावर नीट समजलं. देऊळ लहान, कौलारू, आतले खांब अख्ख्या झाडांचे, हातांच्या तेलानं काळे झालेले. अख्खी वाडी जमली होती. तिथंच मी रुक्मिणीवैनींना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं, नवऱ्याच्या या वेडाचा त्यांना वैताग असेल. वैताग होताच, पण वेगळा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, आज उजवी पडू दे म्हणा. बाजा गेल्यापास्नं ह्यांचा पाय नुस्ता जमिनीवर वाजतोय. झोपंतबी वाजतोय. मला तरी किती ऐकू येणार नुस्त्या पायाचं?" 

गावकर पांढऱ्या मिशांचे, ताठ म्हातारे. त्यांनी पाकळ्या लावल्या. मग म्हणाले, "वाद्याला न्हाऊ घालूया." ही रीत अण्णा आम्हाला सांगायला विसरले होते, किंवा त्यांना वाटलं असेल, गिटारवर चार थेंब शिंपडतील आणि होईल. पण गावकरांनी जमिनीवर मांडलेलं सगळं नीट बघितलं. एक लाकडी फळी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरच्या टोकाला ती मोठी पेटी. आवाज कुठनं येणार, असं त्यांनी विचारलं होतं आणि मीच पेटीकडं बोट केलं होतं. म्हणजे वाद्य हेच, फळी म्हणजे नुसती काठी. त्यांनी पेटीला हळद-कुंकू लावलं, वर फूल ठेवलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत नारळ फोडून अख्खं पाणी भक्तिभावानं पेटीच्या वरच्या जाळीत ओतलं. फुस्स झालं. एक ठिणगी, थोडा धूर, आणि मग काहीच नाही. फ्रान्सिस "गेलें रे, गेलें!" म्हणत खाली बसला. मागून कुण्या म्हातारीचा आवाज आला, "देवीला आवडलं न्हाई." 

ते वाक्य देवळात फिरलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. गावकर हातात रिकामा नारळ धरून उभे, बिचाऱ्यांना काय झालं तेच कळेना. मी अण्णांकडं बघितलं. चेहरा उतरून गेला होता, गिटार पोटाशी धरून नुसते उभे होते. कौलाच्या पाकळ्या अजून जागच्या हलल्या नव्हत्या, पण आता डावी पडली काय आणि उजवी पडली काय, वाजवायचं कशावर? मला वाटलं, संपलं. हा माणूस आता ही तपकिरी फळी माळ्यावर ठेवणार आणि उरलेलं आयुष्य जमिनीवर पाय आपटत काढणार.

अण्णा हलले. देवीच्या समोरच्या खांबापाशी गेले, मांडी घालून बसले, गिटारचं वरचं टोक, जिथं तारांच्या खुंट्या असतात ते, खांबाला घट्ट टेकवलं आणि कडेवर हनुवटी ठेवली. मग देवीच्या ढोलाचाच ठेका त्यांनी त्या जाड तारांवर धरला. सुरुवातीला काही ऐकू येईना. मग खांब बोलायला लागला. कसं सांगू? आवाज असा नव्हताच, देवळाच्या अंगात काहीतरी घुमत होतं. गावकरांनी आधी खांबाला तळवा लावला. मग कान. म्हातारी माणसं एकेक करून उठली आणि त्या खांबाला, मग शेजारच्या खांबाला हात लावून उभी राहिली. रुक्मिणीवैनी मागच्या खांबाला पाठ टेकून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. आणि त्या घुमण्यातच कधीतरी पाषाणावरून पाकळी सुटली. उजवी.

गलका झाला. कुणी म्हणालं, देवीनं दिली. कुणी म्हणालं, देवीनं कुठली, ही तर ह्याच्या वाजवण्यानं हादरून पडली, हा कौल धरायचा न्हाई. वाद पेटणार तेवढ्यात गावकरांनी हात वर केला. "पाडली कुणी ते इचारायचं न्हाई. पडली कुठं ते बगायचं. वाजीव, परशुराम." अण्णांनी मान वर केली नाही. हनुवटी तशीच लाकडावर, आणि गालांवरून पाणी.

पेटी वैनींनी चुलीच्या उबेला वाळवली. चालू झाली, पण तेव्हापासून तिला एक खोड लागली. तापली की तिच्यातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायचा. नाताळच्या डान्सला अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी उभे राहिले. घट्ट पँट घालायला साफ नकार. दोन-तीन गाण्यांनंतर हॉलभर वास सुटला आणि फ्रान्सिसच्या मावशी स्टेजपाशी येऊन विचारायला लागल्या, जेवण लागलं का? पण नाचणारे थांबले नाहीत. फ्रान्सिसनं शेवटच्या गाण्याच्या आधी माइकवरून सगळ्यांची नावं सांगितली आणि अण्णांचं नाव घेताना म्हणाला, "आमचा बास." हुबळीच्या पोराचा विषय परत निघाला नाही.

पुढं बरीच वर्षं वाजवलं आम्ही. लोंढा, खानापूर, अळणावर, दांडेली. किती गोष्टी सांगू... माझे वडील वारले त्यानंतर पहिलाच कार्यक्रम लोंढ्याला होता. मी जातो म्हणालो आणि गेलो, पण एका गाण्यात माझा पाय सुटला. ठेकाच सापडेना. समोर माणसं नाचताहेत आणि माझ्या डोळ्यांसमोर काही नाही. अण्णा सरकत सरकत माझ्या अगदी जवळ आले, पायातली चप्पल काढली आणि माझ्या पायाशेजारी आपली टाच जमिनीवर आपटायला लागले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझा पाय त्यांच्या टाचेला जाऊन मिळेपर्यंत ते तसेच आपटत राहिले. नंतर चहा पिताना म्हणाले, "बाप गेल्यावर पाय जड हुतोय. माजाबी झाला हुता."

मग सगळीकडं कीबोर्ड आले, एका माणसाच्या दोन हातांत अख्खा बँड मावायला लागला. फ्रान्सिस गोव्याला गेला. माझं दुकान वाढलं, पोट वाढलं. बँड मोडला असं कुणी म्हटलं नाही, नुसती पुढची तारीख ठरली नाही. गुंदात करंट आला तेव्हा मी गमतीनं विचारलं, "अण्णा, आता तरी चांगला ॲम्प घ्या की." म्हणाले, "नको. घरचा खांबच बरा हाय."

दिवसकार्य झाल्यानंतर काही आठवड्यांनी गेल्या सोमवारी मी गुंदला गेलो. माजघराच्या मधल्या खांबाला गिटार टेकवून ठेवलेली होती, जशी ते नेहमी ठेवायचे तशी, खुंट्यांचं टोक खांबाला चिकटून. वरच्या कडेला हनुवटी टेकून टेकून पॉलिश पार गेलेलं, तेवढं लाकूड उघडं, गुळगुळीत. मी तिथं बोट ठेवलं आणि काढून घेतलं. वैनींनी चहा दिला. सांगत होत्या, अण्णा संध्याकाळी वाजवत बसायचे तेव्हा त्या चुलीपाशी भिंतीला पाठ लावून बसत, आवाज भिंतीतून पाठीत यायचा. "कुटंबी काम करत असलं तरी कळायचं, हायत घरात."

त्या उठल्या आणि खांबाजवळच्या उखळापाशी जाऊन त्यांनी मुसळ हातात घेतलं. एक घाव घातला. जमीन हादरली, खांब हादरला, आणि गिटारची सगळ्यात जाड तार आपणहून बोलली. हळूच, खर्जात. वैनी म्हणाल्या, "पावनं-रावळं गेलं, मग मी कांडाय बसले, तर ही बोलली. घाबरलेच आदी. मग रोज कांडाय लागले." मी म्हटलं, "पण वैनी, भात तर आता गिरणीत जातंय ना?" "जातंय की," त्या म्हणाल्या. मी उखळात डोकावलो. आत काही नव्हतं. 

वैनींनी मुसळ माझ्याकडं केलं. "तुमी वाजवा, भावजी. मला ठेका येत न्हाई. त्यास्नी सवय तुमची." आणि त्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. मी चपला काढल्या आणि रिकाम्या उखळात हळूहळू, आमच्या जुन्या चालीत, कांडायला लागलो. प्रत्येक घावाला तार उत्तर द्यायची. मी मध्ये जागा सोडत होतो, अण्णा सोडायचे तशी. हात भरून आले तेव्हा थांबलो. तार जरा वेळ घुमत राहिली, मग तीही थांबली.

"आनिक जरा," वैनी डोळे न उघडता म्हणाल्या.

मी पुन्हा मुसळ उचललं.